हयातीचा दाखला घरपोच: पोस्टमनच्या सेवेचा माझा अनुभव

मी रेल्वेचा पेन्शनर, वय 74. माटुंगा वर्कशॉपमध्ये 36 वर्षं फिटर होतो, 2011 साली निवृत्त झालो. यंदा पहिल्यांदाच हयातीचा दाखला पोस्टमनकडून घरी बसून काढला. तो कसा निघाला ते जरा सविस्तर लिहितो. आमच्या परळच्या चाळीत सात-आठ पेन्शनर आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना अशी सोय आहे हेच ठाऊक नव्हतं. मलाही गेल्या वर्षापर्यंत नव्हतं.

केंद्र सरकारच्या पेन्शनरला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पुढची पेन्शन अडकते. उशिरा दिला तर थकलेले पैसे मिळतात, पण तोवर औषधवाला थांबत नाही. 2014 च्या नोव्हेंबरपासून ‘जीवन प्रमाण’ ही पद्धत आली. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो आधारशी जुळला की दाखला तयार. कागद नाही, सही नाही. ज्यांचा अंगठा जुळतो त्यांच्यासाठी उत्तमच.

माझा जुळत नाही. वर्कशॉपमध्ये लोकलचे डबे दुरुस्तीला यायचे. बोगी सोडवायची, ब्रेकचे भाग खोलायचे, गंज खरवडायचा, कानस मारायची, पॉलिश पेपर घासायचा, आणि सुट्टीचा भोंगा झाला की रॉकेलमध्ये हात धुऊन घरी. इतकी वर्षं हे केल्यावर बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. वय झालं की कातडी कोरडी पडते, त्यात उरल्यासुरल्याही गेल्या. आधार काढताना कशाबशा उमटल्या होत्या, आता उमटत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझी पेन्शन जमा होते त्या बँकेत गेलो होतो. टोकन घेतलं, दोन तास बसलो. यंत्रानं दहाही बोटं नाकारली. काउंटरवरची मुलगी मागच्या माणसाकडे बघत म्हणाली, “काका, तुमचा अंगठा येत नाही, उद्या या.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या खेपेला मॅनेजरना भेटलो तेव्हा कुठे कागदी फॉर्म मिळाला. तो तर पहिल्या दिवशीच देता आला असता. मी समोर उभा होतो, हातात पीपीओ (पेन्शन मंजूर झाल्याचा सरकारी कागद) होता, पासबुक होतं. तरी मी आहे की नाही हे ठरायला तीन दिवस लागले, ही गोष्ट मला फार लागली. गुडघे दुखले ते वेगळंच.

यंदा ऑक्टोबरात स्पीड पोस्टचं पत्र घेऊन आमचा पोस्टमन आला होता. तिशीतला मुलगा, चिपळूणकडचा. सही करताना मी सहज बोललो, तर म्हणाला, “काका, दाखला मीच काढून देतो की. फक्त नोव्हेंबर लागू द्या.” ही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा आहे. तुमचं खातं त्या बँकेत नसलं तरी चालतं, पेन्शन कुठल्याही बँकेत येत असू दे. पोस्टमनला सांगा, नाहीतर जवळच्या पोस्टात जाऊन सांगा, किंवा घरातल्या कुणाला तरी पोस्ट खात्याच्या ॲपवर विनंती टाकायला सांगा. मी 70 रुपये दिले.

ठरल्याप्रमाणे एका गुरुवारी साडेअकराला तो आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खांद्याला टपालाची बॅग. हिने आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. त्यानं मोबाइल आणि अंगठ्याचं छोटं यंत्र काढलं. मी आधीच सांगितलं, अंगठा येणार नाही. तो म्हणाला, “बघू तर.” उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. तर्जनी, नाही. मग त्यानं माझा हात हातात घेतला, पंजा उलटा करून उजेडात बघितला आणि विचारलं, “काका, काम कुठं करायचात?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माटुंगा वर्कशॉप म्हटल्यावर त्याला फार आनंद झाला. त्याच्या आजोबांनीही गिरणीत हात घासले होते. पाच मिनिटं आम्ही तेच बोललो.

मग म्हणाला, आता चेहऱ्यानं काढू. ही सोय 2021 पासून आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, पडद्यावरच्या गोलात चेहरा आणायचा, सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. समोरचं माणूस जिवंत आहे, नुसता फोटो नाही, हे त्यावरून कळतं. माझ्या चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत होती म्हणून चष्मा काढला, खुर्ची खिडकीकडे फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात झालं. मोबाइलवर संदेश आला, त्यात प्रमाण क्रमांक, म्हणजे दाखल्याचा नंबर. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली पाच गप्पांची.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या. वय 82, यजमान परळ वर्कशॉपमध्ये होते, त्यांची फॅमिली पेन्शन काकूंना मिळते. “माझाही काढशील का रे?” तो म्हणाला, “काढतो ना आजी, बसा.” ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायची गरज नाही, हे त्यानंच त्यांना सांगितलं. (ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, फॅमिली पेन्शनवरही. तुमच्या घरात कुणी असेल तर पासबुकात ती रक्कम लागली आहे ना, हे तपासून घ्या.)

फॉर्ममध्ये पुनर्विवाहाचा प्रश्न असतो. तिथं तो थांबला. म्हणाला, “आजी, यात विचारलंय म्हणून विचारावं लागतं, राग मानू नका.” काकू म्हणाल्या, “विचार की बाबा.” त्यानं विचारलं. काकू दोन क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “नाही रे. ते जाऊन 31 वर्षं झाली.” त्यानं मान हलवली आणि तेवढं भरलं. बँकेच्या रांगेत, मागे पन्नास माणसं उभी असताना, हाच प्रश्न काचेच्या भोकातून मोठ्यानं विचारला जातो, तेही मी ऐकलेलं आहे. मला या सेवेचं मोल कळलं ते इथे.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळे मिटा-उघडायला त्यांना वेळ लागतो. शेवटी खुर्ची गॅलरीत नेली, मी मागे उभा राहिलो, तो म्हणत होता, “आजी, मिटा... आता उघडा.” चौथ्या वेळेला झालं. त्यानं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि खाली अख्ख्या चाळीचं टपाल वाटायचं होतं.

आता तुमच्या उपयोगाचं. तो येण्याआधी आधार कार्ड, पीपीओ, पासबुक आणि चालू असलेला मोबाइल एका जागी ठेवा. पीपीओ नंबर पासबुकात नीट दिसत नसेल तर मूळ कागद शोधून ठेवा, आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. खिडकीजवळ बसा. घरात चांगला अँड्रॉइड फोन आणि तो हाताळणारं नातवंड असेल तर हेच काम घरच्या घरी पैसे न देता करता येतं, त्यांनी जरूर तसं करावं. आमचा मुलगा पुण्यात, आमच्याकडे दोघांत एक साधा फोन, आम्हाला पोस्टमनच बरा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. नोव्हेंबरात “तुमचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा” असे फोन येतात. सांगू नका, फोन ठेवून द्या. ओटीपी द्यायचाच असेल तर तुम्ही स्वतः बोलावलेल्या, ओळखीच्या आणि समोर बसलेल्या पोस्टमनला.

चार दिवसांनी मुलानं तिकडून दाखला उतरवून पाठवला. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि पीपीओच्या फाइलीत लावला. काकूंचाही छापून दिला. पहिल्या मजल्यावरच्या देसाईंचा अजून राहिलाय, ते अंथरुणाला खिळून आहेत. 30 तारखेला अजून नऊ दिवस आहेत. उद्या पोस्टमन जिन्यात दिसला की त्याला आधी त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.