नाजूक विषय: समोर बसून, फोनवर की व्हिडिओ कॉलवर?

वाटणीचा विषय काढायचा असो, ठरत आलेल्या स्थळाला नकार कळवायचा असो किंवा सहकाऱ्याला त्याच्या कामातील उणीव सांगायची असो, बोलण्याचा मार्ग विचारपूर्वक निवडावा लागतो. ‘९३ टक्के अर्थ शब्दांबाहेर असतो’ या प्रसिद्ध वाक्यावर मात्र विसंबू नये. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून पसरले असून, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच त्या प्रयोगांत तपासले होते. व्यवहाराचा तपशील शब्दांतच सांगावा लागतो.

समोरासमोर बसल्यावर गप्प राहण्याचाही अर्थ लागतो: समोरचा विचार करतो आहे, दुखावला आहे की विषय टाळतो आहे, हे त्याच्या नजरेवरून बरेचसे उमगते आणि पुढचे वाक्य तिथल्या तिथे सौम्य करता येते. परंतु भेटीत प्रसंगाचे दडपणही येते. वडीलधाऱ्यांच्या देखत दिलेला ‘हो’ पुष्कळदा केवळ मान राखण्यासाठी असतो, म्हणून भेट शक्यतो दोघांतच व्हावी.

भेट शक्य नसेल, तर मी व्हिडिओ कॉलपेक्षा साधा फोन सुचवेन. नेहमीची टेलिफोन लाइन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी पोहोचवते, तरीही आवाजातील कंप, उसासा आणि अडखळणे त्यातून ऐकू येते. मानसशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांच्या २०१७ मधील अभ्यासात तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी भावना अधिक अचूक ओळखल्या. फक्त मान डोलावलेली दिसत नसल्याने मधूनमधून ‘हं’ म्हणत राहावे.

व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पण नजर भिडत नाही, कारण पडद्याकडे पाहणारा माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नसतो. शिवाय संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदच जातात, त्यामुळे नेटवर्कमुळे लांबलेले उत्तर मनाच्या कचरण्यासारखे भासते. कागदपत्रे दाखवायची असतील किंवा ऐकणाऱ्याला कमी ऐकू येत असेल, तर मात्र हाच मार्ग घ्यावा.

ऐकणारा परभाषिक असेल, तर सूरही फसवतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदवल्याप्रमाणे, ब्रिटनमधील एका विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही’ हा शब्द उतरत्या सुरात उच्चारत; इंग्रजीत असा प्रश्न चढत्या सुरात विचारतात, म्हणून तो प्रश्न असूनही इंग्रज ग्राहकांना उद्धट वाटे. अशा वेळी कोणताही मार्ग निवडला, तरी ‘तुम्हाला ग्रेव्ही हवी आहे का?’ असा प्रश्न पूर्ण वाक्यात विचारणेच सुरक्षित ठरते.