शाळेची छडी की घरची नजर?
जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या पोऱ्याने रात्री घरून वर्गमित्राची टिंगल करणारं मीम ग्रुपवर टाकलं, तर शिक्षा कोणी करायची?

शाळेने केली तर चिडवलेल्या पोराला आधार लगेच मिळतो, कारण रात्रीचं चिडवणं सकाळी त्याच बाकावर येऊन बसतं. पण मास्तरांनी मोबाइल कुठवर तपासायचे? शनिवारी स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घालणाऱ्या मुलीची बाजू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी घेतली; गंभीर छळ, धमक्यांत मात्र शाळेला वाव ठेवला.

घरावर सोपवावं, तर आईबाप केळीच्या बागेत, नाहीतर सुरतेला. (आमच्याकडे पोऱ्याच बापाला फोन शिकवतो!)

अल्पवयीन मुलीचे अश्लील फोटो पसरले, तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं शाळेलाही बंधनकारक. बाकी मला शाळा हवी ती छळापुरती. मास्तरांवरच्या विनोदासाठी नको.