सहा इंची की दहा इंची? आधी गच्चीवरची हवा बघा

पहिली बरी दुर्बीण घ्यायची ठरली की चर्चा हमखास दोन पर्यायांवर येते: सहा इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण; इंच म्हणजे आरशाचा व्यास) आत्ता घ्यावी, की थोडी कळ काढून दहा इंची घ्यावी? नुसते कागदावरचे आकडे बघितले तर प्रश्नच उरत नाही. सहा इंची (१५२ मिमी) आरसा ०.७६ आर्कसेकंद अंतरावरचे दोन तारे सुटे दाखवू शकतो, दहा इंची (२५४ मिमी) ०.४६ आर्कसेकंद. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. प्रतियुतीच्या सुमाराला, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो तेव्हा, गुरूची अख्खी तबकडी साधारण ४५ आर्कसेकंद भरते, तेव्हा हा फरक चांगलाच मोठा आहे.

पण हे आकडे हवा नसलेल्या जागेसाठीचे. गरम-गार हवेचे लहानमोठे भोवरे सतत फिरत असतात आणि प्रत्येक भोवरा प्रकाशाला किंचित वेगळा वाकवतो. ताऱ्याकडून सपाट आलेली प्रकाशाची लाट आपल्यापर्यंत पोचेस्तोवर चुरगळलेली असते. किती रुंदीपर्यंत ती जवळपास सपाट राहिली, त्यावर सगळा खेळ. या रुंदीला प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांचं नाव आहे. हवा बऱ्यापैकी शांत असेल, म्हणजे हौशी खगोलवाल्यांच्या भाषेत सीइंग (हवेमुळे ताऱ्याचा ठिपका जेवढा पसरतो ते माप) १ आर्कसेकंद असेल, तर ही रुंदी सुमारे १० सेंटिमीटर. सीइंग २ आर्कसेकंद झालं की ५ सेंटिमीटर. शहरातल्या गच्चीवर २ आर्कसेकंदांची रात्र मिळाली तर तक्रार करू नये.

आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, हे कसं दिसतं? ५ सेंटिमीटरच्या रात्री सहा इंची आरशावर अशा तीन सपाट तुकड्यांची रुंदी मावते, दहा इंचीवर पाच. छोट्या आरशात चित्र मुख्यतः हलतं: गुरू जागच्या जागी थरथरतो, पण पट्टे शाबूत असतात आणि डोळा त्या थरथरीला सरावतो. मोठ्या आरशात चित्र फुटतं. तारा ठिपका न राहता उकळत्या ठिपक्यांचा पुंजका होतो, गुरूचे पट्टे एकमेकांत मिसळतात. फ्रीड यांनी १९७८ मध्ये याचं गणित मांडलं: एखाद्या क्षणाची प्रतिमा जवळपास निर्दोष मिळण्याची शक्यता किती? आरसा त्या रुंदीच्या तिप्पट असेल तर चारांतले तीन क्षण चांगले. पाचपट असेल तर दहातला जेमतेम एक. दहापट झाला की दहा लाखांत एक.

म्हणजे वाईट रात्री दहा इंची वाया गेली का? तसं नाही. तो दहातला एक क्षण सहा इंचीच्या कोणत्याही क्षणापेक्षा जास्त दाखवतो. ग्रहांच्या फोटोंसाठीचा प्लॅनेटरी कॅमेरा लावून हजारो फ्रेम घेणारे, त्यातल्या निवडक एकावर एक रचणारे लोक याच क्षणांवर जगतात. तुमचा ओढा तिकडे असेल तर मोठ्या आरशाला पर्याय नाही. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला मात्र त्या क्षणाची वाट बघत आयपीसला चिकटून बसावं लागतं, आणि मागे घरातली मंडळी रांगेत असतील तर ते जमत नाही.

जुन्नरजवळ गिरावलीला आयुका या पुण्याच्या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. साध्या लांब एक्स्पोजरमध्ये तिच्याही चित्राची तीक्ष्णता हवाच ठरवते. त्या बाबतीत ती तुमच्या सहा इंचीच्या फार पुढे नसते. ती मोठी आहे ती प्रकाश गोळा करण्यासाठी. दहा इंचीचं खरं भांडवलही तेच: सहा इंचीच्या पावणेतीनपट प्रकाश. हर्क्युलिसमधला एम-१३ हा तारकागुच्छ सहा इंचीत बराचसा धुकट गोळा वाटतो, दहा इंचीत त्याचे तारे आतपर्यंत सुटे होतात. दीर्घिकांचंही तसंच. अट एकच, आकाश काळं हवं. कोथरूड किंवा ठाण्याच्या उजेडात हा पावणेतीनपट प्रकाश म्हणजे आभाळाची पिवळट झाकही पावणेतीनपट.

इथे एक शंका हमखास येते. उपग्रहालाही हीच हवा आडवी येते, मग त्याला गाड्या कशा मोजता येतात? ट्रेसिंग पेपर छापील अक्षरांवर टेकवला तर वाचता येतं, डोळ्याला लावला तर काहीच दिसत नाही; तसंच हे. हवेची बरीचशी खळबळ जमिनीलगतच्या काही किलोमीटरांत असते. उपग्रहासाठी ती दृश्याजवळ आहे, आपल्यासाठी डोळ्याजवळ. १ आर्कसेकंदाची थरथर ८ किलोमीटर उंचीवरून मोजली तर जमिनीवर जेमतेम ४ सेंटिमीटर भरते. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेला इस्रोचा कार्टोसॅट-३ सुमारे ५०९ किलोमीटरवरून पाव मीटरच्या आसपासचा तपशील टिपतो. तिथे मर्यादा येते ती मुख्यतः त्याच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीची. हवेचा त्रास धुरकटपणा आणि ढगांचा. उलट आपण खालून त्याच्याकडे बघितलं तर तेवढ्या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. तेव्हा ‘सॅटेलाइटला दिसतं मग मला का नाही’ म्हणून मोठी दुर्बीण घेऊ नका.

आता गच्ची. माझ्या मते आपल्याकडे वरच्या हवेपेक्षा हीच जास्त नडते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत ऊब सोडत राहतो. त्यात शेजारच्या एसीचं आउटडोअर युनिट नेमकं गुरूच्या दिशेला असेल तर विचारूच नका. संध्याकाळी साडेसातला जो ग्रह पाण्याखाली असल्यासारखा दिसतो, तोच पहाटे चारला कोरीव दिसतो. गवतावर, मातीच्या अंगणात परिस्थिती पुष्कळ बरी.

आरशाचंही तेच. तो भोवतालच्या हवेपेक्षा गरम असला की नळीतच हवेचा प्रवाह सुरू होतो. ओळखायचं कसं? डोक्यावरचा एखादा ठळक तारा घ्या, फोकस बाहेर काढा. तारा पसरून तबकडी होईल. तिच्या आत धुराच्या वलयासारखं काही एकाच बाजूला संथ वर चढताना दिसलं तर ती नळीतली ऊब आहे. सगळ्या तबकडीवरून सरसर एका दिशेला ओघळ वाहत असतील तर ती वरची हवा. पहिल्यावर उपाय थांबणे. सहा इंचीचा आरसा साधारण अर्ध्या-पाऊण तासात निवतो, दहा इंचीच्या जाड काचेला तासाच्या वर लागतो. पुण्यात हिवाळ्याच्या रात्री तापमान इतकं झरझर उतरतं की जाड आरसा मागेच पडत राहतो. मागे पंखा बसवावाच लागतो. मुंबईला समुद्रामुळे दिवस-रात्रीतला फरक कमी, त्यामुळे ही डोकेदुखीही कमी. धुरकट रात्र ग्रहांसाठी वाईटच असं समजू नका, पुष्कळदा तीच शांत असते. दिवाळीनंतरच्या लखलखत्या, चमचमत्या आकाशाचं कौतुक कवींना असू दे. तारे फार लुकलुकत असतील तर ग्रहांच्या वाटेला न जाता तारकागुच्छ बघावेत.

एक गोष्ट आपल्या बाजूची. १८-१९ अंश अक्षांशावरून ग्रह आकाशात उंच चढतात. क्षितिजापासून ३० अंशांवर दुप्पट हवा आडवी येते, सीइंग दीडपट बिघडतं. लंडनकराला अनेक वर्षं शनी तसाच खाली बघावा लागतो. आपण डोक्यावर येईपर्यंत थांबू शकतो.

मग घ्यायचं काय? फ्लॅटमध्ये राहत असाल, बघणं बहुतेक गच्चीवरून आणि ओढा चंद्र, ग्रह, जोडतारे यांचा, तर सहा इंची. पंधराएक किलोचा ऐवज एकट्याने वर नेता येतो. अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी हा जोडताऱ्यांची जोडी असलेला तारा, ज्याच्या दोन्ही जोड्या सव्वादोन आर्कसेकंदांच्या आसपास आहेत, तो बऱ्या रात्री ती सहज फोडते. दहा इंची तीस किलोच्या घरात जाते. गाडी असेल, महिन्यातून एखादी अमावास्या गावी काढणार असाल, तर तीच घ्या. वाईट रात्री तिच्या तोंडावर पुठ्ठा लावून एका बाजूला १० सेंटिमीटरचं भोक पाडलं की ती छोट्या दुर्बिणीसारखी शांत होते. सहा इंचीला मोठं करण्याची सोय नाही, हेही खरं.

आठ इंचीचा मधला मार्ग लोक सुचवतात, आणि तो वाईट नाही. फक्त तिची नळी सहा इंचीइतकीच, सव्वा मीटरच्या आसपास लांब पण जाड असते. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का, ते आधी बघा. पैसे देण्याआधी खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या कार्यक्रमाला किंवा पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था या तशाच संस्थेत जाऊन एकाच रात्री, एकाच ग्रहावर लहान-मोठ्या दुर्बिणी लावून बघायला मिळतात का ते विचारा.