सोसायटीशी बिनसलं, तर आधी कोणाकडे जायचं?

एप्रिलमध्ये आम्ही धुळ्याहून जळगावला आलो, 24 फ्लॅटच्या एका सोसायटीत रिसेलचा फ्लॅट घेऊन. दुसऱ्याच दिवशी खिडकीत कूलर बसवला. घरात सासूबाई 78 वर्षांच्या, आणि जळगावचा एप्रिल कूलरशिवाय निघत नाही. चौथ्या दिवशी दारावर कागद चिकटलेला: ‘आपल्या कूलरचे पाणी खाली पडते. दंड रु. 500.’ त्याच संध्याकाळी सेक्रेटरी भाऊंनी जिन्यात थांबवून सांगितलं, फ्लॅट नावावर करायचा तर 60 हजार रुपये विकास निधी भरावा लागेल, सगळ्यांनीच भरलाय.

यांचं म्हणणं, दोन्ही गोष्टी घेऊन सरळ निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे जाऊ. माझं म्हणणं, दोन्ही सोडून देऊ, नवीन आहोत, कशाला तोंड वाईट करायचं. पुढच्या पाच महिन्यांत कळलं की आम्ही दोघंही चुकत होतो. दंड एका ठिकाणी सुटला, विकास निधी दुसऱ्या ठिकाणी. नव्या घरात असाच पेच पडलेल्यांसाठी हे सगळे मार्ग शेजारी शेजारी ठेवून सांगते.

आधी हे बघा: तुमची सोसायटी खरंच सोसायटी आहे का?

आपल्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टींना लोक ‘सोसायटी’च म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था असेल, तर पुढचं बहुतेक सगळं तुम्हाला लागू आहे. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो.

1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर हिशेब वेगळा. तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे पडतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. सहकारी संस्थेत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं आणि पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. ‘शेजारच्या बिल्डिंगमध्ये तर असं नाही’ म्हणून वाद घालण्याआधी हा फरक बघून घ्या, निम्मी भांडणं इथेच मिटतात.

तिसरा प्रकार, बिल्डरच अजून मेंटेनन्स गोळा करतोय आणि संस्था झालेलीच नाही. तिथे चेअरमन म्हणवणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. प्रकल्प रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखाली) नोंदलेला असेल तर निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था स्थापन करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे, तेव्हा तक्रार महारेराकडे. चौथा प्रकार खान्देशात घरोघर: एनए प्लॉटची कॉलनी, रो-हाऊस, मधे ओपन स्पेस, त्यात मंदिर, आणि वर्गणी मागणारं मंडळ. मंडळाची नोंदणीच नसेल तर वर्गणी सक्तीची नाही. ओपन स्पेसवर कोणी कुंपण घातलं, खोली बांधली, तर तो प्रश्न महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा.

बोलायचं की लिहायचं?

लोक यातलं एकच निवडतात, आणि तिथेच फसतात.

कूलरच्या कागदावर मी आधी उत्तर लिहायला बसले होते. मग वाटलं, खाली जाऊन बघू तरी. खालच्या वहिनींनी दार उघडलं, काही न बोलता गॅलरीत नेलं. बाजेवर जुनी साडी अंथरलेली, तिच्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे खान्देशी पापड, वाळत घातलेले. एका कडेची अख्खी ओळ आमच्या पाण्याने भिजून साडीला चिकटून बसली होती. वहिनी कडेने नखाने सोडवायला गेल्या, तर बिबडा मधोमध फाटला. “पहाटे चारला उठून घाटा शिजवला होता, ताई,” एवढंच म्हणाल्या. गच्चीवर का नाही घातले, विचारलं, तर गच्चीला कुलूप. समितीचा निर्णय.

त्या दिवशी प्लंबरला बोलावून कूलरच्या टाकीपासून ड्रेनेजच्या पाइपापर्यंत नळी टाकून घेतली. भिजलेल्या बिबड्यांची भरपाई म्हणून वहिनींबरोबर पहाटे उठून मी पुढचा घाटा हाटला. हे कुठल्याही अर्जाने झालं नसतं. पाणी गळणं, आवाज, गाडी आडवी लावणं, मुलांचा चेंडू, अशा शेजाऱ्याशेजाऱ्यांतल्या गोष्टींना बोलण्याइतका स्वस्त आणि जलद मार्ग नाही.

पण दंडाचं तसं नाही. दंड हा संस्थेचा व्यवहार, त्याला कागदच हवा. मी दोन ओळींचं पत्र दिलं: दंडाची रक्कम कोणत्या सर्वसाधारण सभेत ठरली त्या ठरावाची प्रत द्यावी, आणि मला कारणे दाखवा नोटीस का दिली नाही ते कळवावं. कारण दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, समितीने मनाने लावायचा नसतो. ठराव नव्हताच. दंड पुढच्या बिलात आला नाही.

पत्र द्यायची पद्धत महत्त्वाची. दोन प्रती काढा, स्वतः हातात नेऊन द्या, नमस्कार करा, चहा दिला तर घ्या, आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) लेखी तक्रारीवर समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर 15 दिवसांत कळवायचं असतं. नाही कळवलं, की पुढचे मार्ग मोकळे होतात. पोच नसेल तर ते 15 दिवस मोजणार कुठून? व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज तक्रार म्हणून धरू नका. तिथे 24 घरं वाचतात, निम्मी बाजू घेतात, आणि उद्या दाखवायला हातात काही राहत नाही.

सर्वसाधारण सभा की निबंधक?

माझ्या मते बहुतेकांना निर्णय घ्यायचा असतो तो या दोघांत, म्हणून इथे थोडं थांबते.

निबंधक म्हणजे तालुक्याला बसणारे सहकारी संस्थांचे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक. त्यांच्याकडे कागदाचे आणि हक्काचे प्रश्न न्यायचे: सदस्यत्व नाकारलं, शेअर सर्टिफिकेट देत नाहीत, वारसनोंद करत नाहीत, कागदपत्रांच्या प्रती देत नाहीत, हस्तांतरणासाठी जादा पैसे मागतात, फ्लॅट भाड्याने दिल्यावर भोगवटेतर शुल्क जास्त लावतात. यात नियम आकड्यांत लिहिलेला असतो, त्यामुळे अधिकाऱ्याला निर्णय द्यायला सोपं जातं. भोगवटेतर शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था घेते त्या रकमेची, शासनाने 2001 मध्ये घातलेली कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात 25 हजार रुपये आहे, म्हणजे जळगाव आणि धुळ्याला तीच लागू. नगरपालिका असेल तर तिच्या वर्गाप्रमाणे 20, 15 किंवा 10 हजार, ग्रामपंचायतीत 5 हजार. वर हस्तांतरण शुल्क 500 आणि प्रवेश शुल्क 100. त्याउपर देणगी, विकास निधी, रंगकाम निधी अशा कुठल्याही नावाने घ्यायला मनाई आहे. वडिलांचा फ्लॅट मुलाच्या नावावर होत असेल तर अधिमूल्य लागतच नाही.

आमच्या 60 हजारांचा प्रश्न निबंधकांचाच होता. सगळी कागदपत्रं जोडून सदस्यत्वाचा अर्ज दिला, पोच घेतली. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. समिती गप्प. तीन महिने भरल्यावर उपनिबंधक कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पोच बघितली, तारीख बोटाने मोजली आणि तक्रार दाखल करून घेतली. कार्यालयाचं पत्र सोसायटीला गेलं, आणि ऑगस्टमध्ये 25 हजार 600 रुपयांत काम झालं, तिन्ही रकमांच्या वेगळ्या पावत्यांसह.

निबंधकांकडे जाण्याची किंमतही सांगायला हवी. सेक्रेटरी भाऊ दीड महिना आमच्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोरून आले तर मोबाइल कानाला लावायचे. ते मला लागलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, बिनपगारी काम करतात, आणि आधीच्या समितीने घेतले म्हणून त्यांनीही मागितले.

आता गच्चीचं कुलूप. ते निबंधकांकडे नेलं असतं तर ‘सभेत ठरवा’ असंच उत्तर आलं असतं. सामाईक जागेचा वापर, हॉल, बागेची वेळ, वॉचमन, विमा, देखभालीची हेळसांड, हे सभेचे विषय. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते. पण वाळवणं सप्टेंबरपर्यंत थांबत नाहीत. त्यासाठी दुसरी सोय आहे: एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. 24 घरांत पाच सह्या पुरतात.

त्या पाचांत माझी सही चालत नव्हती, कारण माझं नाव अजून सदस्य नोंदवहीत नव्हतं. ही गोष्ट मला इतकी बोचली की प्रत्येक नव्या माणसाला सांगते: सदस्यत्वाचा वाद बाकी सगळ्या वादांच्या आधी मिटवा. तोवर सभेत तुम्हाला मत नाही. सदस्यत्व नाकारल्याची तक्रार मात्र सदस्य नसतानाही करता येते.

सह्या वहिनींनी गोळा केल्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान हजर हवेत ती संख्या, दोन तृतीयांश किंवा 20, यातली लहान संख्या, म्हणजे आमच्याकडे 16. सदस्यांच्या मागणीवरची सभा गणपूर्तीअभावी रद्दच होते, म्हणून वहिनी संध्याकाळभर प्रत्येक दाराशी उभ्या राहिल्या. 17 जण आले. वरच्या मजल्यावरच्या आप्पांनी गच्चीवरच्या हिवाळी भरीत पार्ट्यांचा धूर आणि मध्यरात्रीचा गोंधळ काढला, कुलूप मुळात त्यासाठीच लागलं होतं. ते कळल्यावर तोडगा दहा मिनिटांत निघाला: मार्च ते मे सकाळी सहा ते संध्याकाळी सात गच्ची उघडी, भरीताची वांगी भाजायला खालची मागची जागा, रात्री दहानंतर बंद. निबंधकांच्या पत्राने कुलूप निघालं असतं, पण आप्पांचं म्हणणं कुणी ऐकलं नसतं.

न्यायालयापर्यंत जायचं का?

काही गोष्टींना इलाज तोच. पार्किंगचं वाटप, सभेच्या ठरावालाच आव्हान, समितीची निवडणूक, गळतीची दुरुस्ती, मेंटेनन्सची जादा आकारणी, पाण्याचं असमान वाटप, हे अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात. निवडणुकीचा वाद असेल तर निकालापासून दोन महिन्यांतच दाखल करावा लागतो, ती मुदत हुकवू नका. तातडीचा मनाई हुकूम मागता येतो, पण अंतिम निकालाला वर्षं लागू शकतात, आणि वकील हवा. गच्ची गळून छत फुगलंय, सामाईक पाइप झिरपून भिंत ओली झालीय आणि समिती हात झटकतेय, तर जा. त्या दुरुस्तीचा खर्च संस्थेचाच असतो. पार्किंगच्या एका जागेसाठी मी तरी जाणार नाही.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे गल्लत होते. शहरातच नळ दोन-तीन दिवसांआड येत असेल तर ती महापालिकेची तक्रार. टाकीत पाणी आहे आणि फक्त तुमच्याच मजल्याला चढत नाही, ती सोसायटीची.

पैसे घेऊन सेवाच दिली नाही, लिफ्ट महिनोन्‌महिने बंद, अशा तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार करता येतो. तो जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. धमकी दिली, अंगावर धावून आले, तर सरळ पोलीस ठाणं, त्यात समितीला विचारत बसू नका.

मेंटेनन्स थांबवावा का?

नाही. हा सल्ला प्रत्येक इमारतीत कुणीतरी देतंच, आणि तो तुमचंच नुकसान करतो. थकबाकीवर 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. तीन महिने थकले की थकबाकीदार ठरता, समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. आणि कलम 154ब-29 खाली संस्था निबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे सक्तीने वसुलीचा आदेश, घेऊ शकते. मग निबंधकांसमोर तक्रारदार म्हणून जायचे ते थकबाकीदार म्हणून जाता. वाद असलेली रक्कम भरा, सोबत ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ असं पत्र द्या, पोच घ्या. उलट बाजूने, थकबाकी आहे म्हणून समितीने पाणी तोडलं तर तेही चुकीचं आहे, आणि त्याबद्दल लगेच लेखी तक्रार करावी.

भाडेकरू असाल तर यातले बहुतेक मार्ग घरमालकाच्या सहीने जातात. मालकांना पहिल्याच महिन्यात फोन करून विचारा, सोसायटीशी त्यांचं स्वतःचं काही जुनं आहे का. अनेकदा राग त्यांच्यावरचा असतो आणि नोटीस तुमच्या दारावर लागते.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली. रविवारी भाऊबंद जमले, चाळीस माणसं, गाड्या लावायला जागा नाही. यावेळी मी आदल्या आठवड्यात पत्रही दिलं आणि वरखाली सगळ्यांच्या घरी जाऊनही आले. सोमवारी मिरवणूक निघाली तेव्हा सेक्रेटरी भाऊ गेटपाशी उभे राहून दुचाकी बाजूला काढत होते. “ताई, पुढच्या वर्षी मागचं गेट उघडून देऊ,” म्हणाले. मी म्हटलं, “भाऊ, सप्टेंबरच्या सभेतच घेऊ ना विषय.” यावेळी सही माझीही चालणार होती.