पॉइंट-टू-पॉइंट लिंक: ५ की ६० गिगाहर्ट्झ, ऑटो की फिक्स, डब्ल्यूपीए२ की डब्ल्यूपीए३?

पॉइंट-टू-पॉइंट लिंक म्हणजे दोन ठिकाणच्या रेडिओंमधली थेट बिनतारी जोडणी. तिच्यासाठी रेडिओ घेण्याआधी अंतर मोजा आणि तिथे पाऊस किती जोराचा पडतो ते विचारा. बँड, म्हणजे लहरींचा वारंवारता-पट्टा, या दोन गोष्टींवरच ठरतो.

६० गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतला ऑक्सिजनच लहरी शोषून घेतो, किलोमीटरला साधारण १५ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक). ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात त्यात आणखी सुमारे १८ डेसिबलची भर पडते. त्याच पावसात ५.८ गिगाहर्ट्झचं नुकसान किलोमीटरला अर्ध्या डेसिबलहूनही कमी असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अर्ध्या किलोमीटरच्या आत ६०, त्यापुढे ५. मधल्या अंतराला ६० हवाच असेल, तर ६६.९६ गिगाहर्ट्झचं चॅनल (बँडचा एक तुकडा) तुमच्या रेडिओत आणि तुमच्या नियमांत बसतं का ते पाहा. तिथे ऑक्सिजनचा त्रास बराच कमी होतो. मोबदलाही मोठा आहे: एकेक चॅनल २.१६ गिगाहर्ट्झ रुंद आणि गर्दी जवळजवळ नाही.

५ गिगाहर्ट्झला लांबचा पल्ला मिळतो, पण मोकळी जागा जास्त लागते. ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन टोकांमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची, त्रिज्या सुमारे ८ मीटर होते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो एवढ्यावर विसंबू नका. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनलं जेमतेम तीन, तीही घरोघरच्या राउटरांनी भरलेली. नव्या लिंकसाठी तो बँड विसरा. परवान्याचा बँड (फक्त तुमच्यासाठी राखलेला) तेव्हाच घ्या, जेव्हा दुसऱ्याच्या रेडिओमुळे लिंक पडणं अजिबात परवडणार नाही.

आता ऑटो की फिक्स, म्हणजे चॅनल रेडिओला आपोआप निवडू द्यायचं की स्वतः ठरवून द्यायचं. मी फिक्सच्या बाजूने आहे. प्रत्येक टोकाला ऐकू येणारा नॉइज (नको असलेल्या लहरींचा गोंगाट) वेगळा असतो. पलीकडच्या गच्चीशेजारचा राउटर तुमच्या बाजूच्या स्कॅनमध्ये उमटत नाही, पण तुमचा सिग्नल तिथे पोचतो तेव्हा तोच आड येतो. म्हणून दोन्ही टोकांना स्कॅन करा, आणि तोही गर्दीच्या वेळी, रात्री आठ-नऊला. (बऱ्याच रेडिओंवर स्कॅन चालू असताना लिंक बंद राहते, तेव्हा वापरणाऱ्यांना आधी कळवा.) मग जास्त त्रास असलेल्या टोकाला जे चॅनल सर्वात शांत, ते ठरवा. जिथे आजूबाजूला रोज नवे रेडिओ उभे राहतात आणि लक्ष द्यायला माणूस नाही, तिथे ऑटो चालेल. पण त्यालाही तपासलेल्या चार-पाच चॅनलांची यादी बांधून द्या.

डीएफएसची (रडारसोबत वाटून वापरायची) चॅनलं बहुधा रिकामी मिळतात, म्हणून मोह होतो. पण तिथे सुरू होण्याआधी रेडिओला ६० सेकंद कान देऊन बसावं लागतं, आणि रडार ऐकू आलं की ते चॅनल ३० मिनिटं सोडावं लागतं. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये हवामानाची रडार असतात. तो पट्टा टाळा. देशाचं सेटिंग बदलून डीएफएसला बगल देणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय वादळाचा इशारा देणाऱ्या यंत्राच्या कामात तो अडथळा आहे.

चॅनलच्या रुंदीत लोक हमखास चुकतात. चॅनल दुप्पट रुंद केलं की नॉइज ३ डेसिबलने वाढतो. गर्दीत ८० मेगाहर्ट्झवर धडपडणारी लिंक ४० वर आणली की बऱ्याचदा वेगही सुधारतो, स्थिरता तर नक्कीच.

सुरक्षेत पहिला गैरसमज अरुंद झोताचा: झोत अरुंद, म्हणून दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही. ५ अंशांचा झोत ५ किलोमीटरवर सुमारे ४३० मीटर रुंद होतो आणि समोरच्या डिशच्या मागेही जात राहतो. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठराविक मॅक पत्त्याच्या, म्हणजे ओळख-क्रमांकाच्या, यंत्रालाच जोडू देणं) यांचा उपयोग नाही, कारण मॅक पत्ता हवेत उघडाच जातो.

डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या जुन्या आणि नव्या पद्धती. डब्ल्यूपीए२ एईएससह (मजकूर सांकेतिक करण्याची, म्हणजे एन्क्रिप्शनची, एक पद्धत) अजूनही वापरण्याजोगा आहे, पण जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणी टिपली तर तो घरी बसून पासफ्रेजचे (जोडणीच्या पासवर्डचे) हवे तितके अंदाज करू शकतो. म्हणून ती ६३ अक्षरांपर्यंत लांब आणि यादृच्छिक ठेवा. दोन रेडिओंत एकदाच भरायची आहे, पाठ करायची नाही. दोन्ही रेडिओंना डब्ल्यूपीए३ येत असेल तर तोच निवडा. तिथे असे अंदाज घरी बसून करता येत नाहीत, आणि मॅनेजमेंट फ्रेमचं (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या निरोपांचं) संरक्षण सक्तीचं असल्याने खोटे निरोप धाडून लिंक तोडणंही अवघड होतं. टीकेआयपी (एन्क्रिप्शनची जुनी पद्धत) नकोच: तो कमकुवत आहे आणि ८०२.११एनच्या (वाय-फायची एक पिढी) लिंकला सेकंदाला ५४ मेगाबिटवर आणून बसवतो. वाय-फायऐवजी कंपनीचं स्वतःचं टीडीएमए (रेडिओंना बोलायच्या पाळ्या ठरवून देणारी पद्धत) असेल तर एन्क्रिप्शन खरोखर चालू आहे का ते तपासा. काही रेडिओंवर त्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो.

रेडिओच्या सेटिंगमध्ये शिरायच्या दरवाजाकडे मात्र एन्क्रिप्शनइतकंच लक्ष द्या. मूळ पासवर्ड बदला, टेलनेट (दुरून लॉगिन करायची असुरक्षित सोय) बंद करा, एसएनएमपी (दुरून देखरेखीची सोय) हवंच असेल तर तिसरी आवृत्ती घ्या आणि मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) ठेवा.

हे सगळं भरताना आधी पलीकडचं टोक बदला, मग अलीकडचं. मी एकदा घाईत उलट केलं. जवळच्या रेडिओची पासफ्रेज बदलताच लिंक तुटली, पलीकडे जुनी पासफ्रेज तशीच राहिली आणि ती बदलायला टॉवरवर माणूस चढवावा लागला. रेडिओत बदल आपोआप मागे घेणारा टायमर असेल, तर प्रत्येक वेळी तो लावूनच बटण दाबा.