कोल्हापूर सर्किट बेंच: अंतर घटलं, अधिकार तेवढेच

भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं ‘कोर्ट’ सांगू नका.

सोय म्हणून पाचपैकी चार तारे. कणकवलीच्या पक्षकाराचा मुंबईचा रात्रीचा प्रवास, लॉजचं भाडं आणि मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, आलंच नाही म्हणून हात हलवत परतणं, हे सगळं वाचलं. एक तारा मंडणगडसाठी कापला. जिल्हा रत्नागिरी म्हणून त्यांची फाईल इकडे येते, पण त्यांना मुंबईच जवळ पडते.

हे कायम खंडपीठ नाही, हे आधी लक्षात घ्या. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने बसण्याचं ठिकाण ठरवलं. कायम खंडपीठाला ५१(२) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचं असंच झालं: १९८१ मध्ये ५१(३), १९८४ मध्ये कायम. या बेंचसाठी इतकी वर्षं मोर्चे मंत्र्यांच्या दारात गेले खरे, पण मंत्रिमंडळ फार तर शिफारस करतं, जागा आणि पैसा देतं. न्यायमूर्ती कुठे बसतील, हे त्याच्या हातात नाही.

सत्तेची वाटणी बघायची तर ही एक इमारत पुरेशी आहे. केंद्र आणि राज्य यांचे विषय वाटून देणारी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा. उच्च न्यायालयाची रचना संघ सूचीत, नोंद ७८. तिथले अधिकारी-कर्मचारी आणि कोर्ट फी राज्य सूचीत, नोंद ३. खालच्या न्यायालयांची रचना समवर्ती सूचीत, नोंद ११क. ती १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने तिथे आली. म्हणजे अर्जावरचा स्टॅम्प विधिमंडळाच्या कायद्याने ठरतो आणि तो अर्ज ऐकणाऱ्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीने होते.

आता लोक कुठे आपटतात ते सांगतो. घरफाळा जास्त लागला की लगेच ‘रिट टाकूया’, म्हणजे थेट उच्च न्यायालयात याचिका. बेंच पहिला प्रश्न विचारतं: पर्यायी उपाय वापरला का? महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली कराविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील आहे. त्यासाठी आधी पालिकेकडे हरकत घेतलेली हवी, १५ दिवसांची मुदत पाळायला हवी आणि रक्कम भरायला हवी. ही पायरी गाळून आलात तर याचिका बहुधा दारातूनच परत. जमिनीच्या वादात तहसीलदार-प्रांताच्या वरचे टप्पे असेच आधी संपवावे लागतात. सरकारी नोकराने तर बदलीचा आदेश घेऊन इकडे यायचंच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालानुसार आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), मग उच्च न्यायालय. आणि मॅटचं मुख्य पीठ मुंबईत. जवळ बेंच असून त्यांची मुंबईवारी काही चुकत नाही.

दुसरी चूक मागणीत होते. ‘आमच्या वॉर्डात उड्डाणपूल बांधायचा आदेश द्या’ असं लिहिलं की प्रकरण तिथेच लंगडं पडतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिटच्या अधिकारात, न्यायालय बघतं ते एवढंच: अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, त्याने कायद्याची रीत पाळली का, समोरच्याचं ऐकून घेतलं का. पूल हवा की नको, निधी कुठून आणायचा, हे सभागृहाचं आणि प्रशासनाचं काम. कायद्याने नेमून दिलेलं काम अधिकारी करत नसेल, तर मात्र आदेश मिळू शकतो. त्यासाठी आधी लेखी मागणी करून तिची पोच घ्या. पोच नसेल तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला ‘आमच्याकडे अर्जच नाही’ म्हणून मोकळे.

सोबत मूळ आदेशाची प्रमाणित प्रत, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र आणि तारीखवार घटनाक्रम ठेवा. अनुच्छेद ३४८ मुळे इथलं कामकाज इंग्रजीत चालतं. तेव्हा सातबारा, फेरफार, नोटिसा यांच्या इंग्रजी भाषांतराचा वेळ आणि खर्च आधीच धरा. याचिका त्यावरच आठवडा-आठवडा अडकते.

निकाल हाती पडला तरी तो अमलात आणायला न्यायालयाकडे स्वतःची माणसं नाहीत. प्रमाणित प्रत घेऊन पुन्हा त्याच कार्यालयाच्या टेबलावर जायचं आणि आवक शिक्का मारून घ्यायचा. तरी हालचाल नाही, तर अवमान याचिका. तीही एका वर्षाच्या आत, नाहीतर १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम २० आडवं येतं.