डिजिटल वजनकाटा, हार्ट फेल्युअरच्या पेशंटने ११ महिने वापरून

वजन कमी करायला काटा शोधताय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाहीये, आधीच सांगते. माझ्या मिट्रल व्हॉल्व्हचं (हार्टमधली एक झडप) रिपेअर झालं, रिंग बसवली, गळती जवळपास थांबली, पण हार्टचं पंपिंग जे कमी झालं ते पूर्ण वर आलंच नाही (हार्ट फेल्युअर म्हणजे हेच, हार्ट बंद पडणं नव्हे), आणि घरी सोडताना नर्सने गोळ्यांची यादी हातात देत सांगितलं की रोज सकाळी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. ऑपरेशन छातीचं आणि हे वजन कशाला, असं मनात आलं पण तेव्हा विचारायचं राहून गेलं. आज कोणी विचारलं की घरात गोळ्यांच्या डब्यानंतर महत्त्वाची वस्तू कुठली, तर मी हा काटाच दाखवीन.

संबंध असा आहे की हार्टने रक्त नीट ढकललं नाही की किडनीला कमी रक्त पोचतं, किडनी समजते अंगात पाणीच कमी पडलंय, मग ती मीठ आणि पाणी धरून बसते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. घोट्यावर बोट दाबून खड्डा पडायला लागतो तोवर बरंच पाणी साठून गेलेलं असतं, आणि धाप लागायला लागली की कधीकधी थेट ॲडमिट व्हायची वेळ येते. काटा बऱ्याचदा त्याच्या आधीच बोलतो.

आता काट्याबद्दल. माझा हा दुसरा. पहिला घेतला होता तो दिसायला सुंदर, काचेचा, पातळ, पण आकडा दिसायचा पायाच्या बोटांपाशी आणि तो वाचायला वाकावं लागायचं. वाकलं की मला दहा-पंधरा सेकंदांत धाप लागायची, मला वाटायचं ऑपरेशनचा अशक्तपणा असेल, म्हणून मी कुणाला बोललेच नाही. फॉलोअपला सहज बोलण्यात आलं तर डॉक्टरांनी लगेच पेन खाली ठेवलं आणि नीट विचारायला लागले. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागणं हे हार्ट फेल्युअरचं एक लक्षण आहे, त्याला बेंडोप्निया म्हणतात, बुटाची नाडी बांधताना लागते तीच धाप. तुम्हाला होत असेल तर प्लीज सांगा डॉक्टरांना, वयावर ढकलू नका.

त्या पहिल्या काट्याचा दुसरा दोष जास्त वाईट होता. सलग ४ दिवस एकच आकडा, पॉइंटसकट तोच, मी खूश की वजन किती स्थिर आहे. मुलाला शंका आली, त्याने मला वजन करून उतरायला लावलं आणि मग हातात पाव लिटर पाण्याची बाटली घेऊन परत उभं केलं, तरी आकडा हललाच नाही. काही काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की जुनाच आकडा परत दाखवतात. बाकीच्यांचं त्याने काही बिघडत नसेल, पण आपल्याला तो थोडा फरकच तर हवा असतो ना! काटा घेतल्या घेतल्या ही बाटलीची टेस्ट करा, आणि नापास झाला तर त्याच दिवशी परत करा.

आताच्या काट्याचा डिस्प्ले सुटा निघतो, भिंतीवर डोळ्यांसमोर लावलाय, आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय वाचते. १०० ग्रॅमचा फरक दाखवतो. वरचा भाग खरखरीत आणि रुंद आहे, हे फार गरजेचं, कारण आपल्या गोळ्यांनी बीपी खाली राहतं आणि सकाळी उठल्या उठल्या गरगरतं. मी शेजारी भिंत धरून चढते आणि मग हात सोडून उभी राहते, हात टेकलेला असला तर वजन चुकतं.

आणि हॉस्पिटलच्या काट्याशी जुळवत बसू नका. माझ्या दोन्हीत १ किलो १०० ग्रॅमचा फरक आहे आणि त्याने काही बिघडत नाही, रोज तोच काटा, तीच जागा, कडक फरशी, लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, तसेच हलके कपडे, एवढं पाळलं की झालं.

पाचव्या महिन्यात ५८.२ वरून ५८.९, मग ५९.६, मग ६०.४. तीन दिवसांत २ किलोच्या वर. सूज नाही, धाप नाही, फक्त रात्री एक उशी जास्त घ्यावीशी वाटत होती. मला डॉक्टरांनी ३ दिवसांत २ किलो हाच आकडा दिलाय फोन करायला (तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या), म्हणून फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, नवीन काही गोळी घेतलीत का? घेतली होती, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, घरात पडलेली होती ती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या पेनकिलरनी अंगात मीठ-पाणी धरलं जातं, हार्ट फेल्युअरवाल्यांनी त्या विचारल्याशिवाय घ्यायच्याच नसतात. ती बंद केली, पाण्याची गोळी (जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) काही दिवस वाढवून दिली, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) तपासलं, चार दिवसांत ५८.४. ॲडमिट व्हावं लागलं नाही. त्या दिवशी मी काटा पुसून ठेवला तेव्हा रडले, खरं सांगते.

उलटही होतं बरं का. पोट बिघडलं होतं तेव्हा दोन दिवसांत पावणेदोन किलो खाली आणि उभं राहिलं की अंधारी, तेव्हाही फोन केला तर पाण्याची गोळी थांबवायला सांगितली. म्हणजे वजन उतरलं की आनंदच मानायचा असं आपल्यात नाही. म्हणूनच या काट्याच्या ॲपवर माझा राग आहे, वजन कमी झालं की हिरवा रंग आणि अभिनंदन, टार्गेट वजन भरल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. ग्राफ चांगला काढतं, पण मी वहीच वापरते, वही डॉक्टरांना एका नजरेत कळते.

काट्याला एक गोष्ट कळत नाही. मध्ये दोन महिने माझं वजन जिथल्या तिथे होतं पण भूक मेलेली, पोट टम्म, मांड्या बारीक झालेल्या. स्नायू झिजत होते आणि त्याच मापाने पाणी भरत होतं, बेरीज तीच. त्यामुळे आता आकड्याशेजारी घोट्यांची सूज आणि कमरेच्या नाडीची गाठ कुठे बसते तेही लिहिते.

फॅट मोजायचा मोड यात आहे तो मी बंद ठेवलाय. त्यात पायातून हलका करंट जातो, आणि पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके बिघडले तर शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलेल्यांनी तो वापरू नये असं सोबतच्या कागदावर पण छापलंय, फक्त इतक्या बारीक अक्षरात की आमच्या वयाच्या माणसाला दिसणारच नाही. हे डब्यावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

५ पैकी ४ देते. एक स्टार त्या बारीक अक्षरासाठी आणि ॲपसाठी कापला. सेल उतरायला लागला की आकडा उड्या मारतो, मागच्या महिन्यात उगीच दीड किलो वाढलेलं दाखवलं आणि सगळं घर घाबरलं, तेव्हा जास्तीचा सेल काट्याजवळच ठेवा, आणि विचित्र आकडा आला तर उतरून परत एकदा चढा, मगच फोन उचला.